वैशाखातली सावली

घराच्या आवारात कोणते झाड लावावे हा निर्णय बहुतेक ठिकाणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, रोपवाटिकेच्या फाटकात उभे राहून, अर्ध्या तासात घेतला जातो, आणि तो घेताना डोळ्यांसमोर असते ते काळ्या पिशवीतले, नावाची चिठ्ठी बांधलेले, दोन-अडीच फुटांचे रोप. पंधरा वर्षांनी त्याच जागी जे झाड उभे राहणार असते त्याचा घेर, त्याच्या मुळांचा पसारा, त्याची पानगळ कोणत्या महिन्यात येते आणि त्याला फळ धरण्यासाठी जवळपास दुसरे झाड लागते की नाही, यांपैकी काहीही त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. शेतकऱ्याने फळबाग लावताना चूक केली तर ती पाच-सात वर्षांत हिशेबाच्या वहीत दिसते. आवारातली चूक मात्र भिंतीला तडा गेल्यावर, कौले फुटल्यावर किंवा वर्षानुवर्षे मोहोर येऊनही फळ न धरल्यावर उघडकीस येते, आणि तोवर झाड तोडायला मन धजावत नाही व कायदाही मोकळीक देत नाही.

या विषयाची सुरुवात जागेच्या हिशेबापासून करणे सोयीचे ठरते, कारण त्यासाठी लागणारे माप मराठी माणसाच्या ओळखीचे आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद अशी १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर जागा. आंब्याच्या कलमांसाठी रूढ शिफारस आहे ती दोन्ही बाजूंनी दहा-दहा मीटर अंतर ठेवण्याची. याचा अर्थ एका आंब्याला जवळजवळ अख्खा गुंठा लागतो, आणि फणस, जांभूळ व चिकू यांची मागणीही तेवढीच असते. नारळ साडेसात मीटरवर लावतात, म्हणजे त्याला अर्ध्या गुंठ्याहून थोडी अधिक जागा लागते. पेरू, कागदी लिंबू आणि कोकम यांचे अंतर सहा मीटर धरले तर तीन झाडांना एक गुंठा थोडा अपुराच पडतो. सीताफळाची मात्र पाच मीटर अंतराने चार झाडे एका गुंठ्यात बसतात. शहराच्या कडेला दोन गुंठ्यांचा प्लॉट घेऊन त्यावर हजार-अकराशे चौरस फुटांचे घर बांधले की उरतो तो एक गुंठा, आणि तोही चारी बाजूंच्या पट्ट्यांत वाटला गेलेला. अशा पट्ट्यांत आंबा, फणस, नारळ, चिकू आणि जांभूळ ही पाचही झाडे लावलेली सर्रास आढळतात. वरच्या मापाने त्यांना साडेचार गुंठे लागतात. पहिली आठ वर्षे ही गर्दी हिरवीगार आणि समृद्ध वाटते, त्यानंतर झाडे उजेडासाठी एकमेकांवर मात करत सरळ वर चढू लागतात, फळ शेंड्याला जाते, आणि ते उतरवण्यासाठी शिडीही पुरत नाही.

दाट लागवड करून छाटणीने झाडे लहान ठेवता येतात हे खरे आहे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली 'आम्रपाली' ही आंब्याची ठेंगणी जात तर अडीच मीटर अंतरावर लावण्याचीच शिफारस आहे. परंतु छाटणी हे दरवर्षी न चुकता करायचे काम आहे आणि घरच्या झाडावर कात्री चालवायला हात धजावत नाही, हा सार्वत्रिक अनुभव लक्षात घेता, जागा जेवढी असेल तेवढेच झाड मुळात निवडणे अधिक शहाणपणाचे ठरते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा भागवण्याचा जो विचार मांडला, त्याच्या मुळाशीही पानांच्या प्रत्येक थराला किती ऊन मिळते याचे काटेकोर मोजमाप होते, हे दहा गुंठ्यांच्या आकड्यावरच भाळणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

जागेनंतरचा प्रश्न उन्हाचा. तेथे एक भौगोलिक वस्तुस्थिती सहसा दुर्लक्षित राहते. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ऐन उन्हाळ्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच लुप्त होते. या शून्य सावलीचा दिवस कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो. त्यामुळे भर दुपारी झाडाची सावली घरावर पडावी अशी अपेक्षा करायची तर झाडाच्या फांद्या छपरावरच आणाव्या लागतील, आणि ते कोणत्याही दृष्टीने हिताचे नाही. घर खऱ्या अर्थाने तापते ते त्यानंतर, जेव्हा तीन ते सहाच्या दरम्यानचे तिरपे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आदळते. मेच्या मध्यावर पुण्यात चार वाजता झाडाची सावली त्याच्या उंचीहून थोडी लांब आणि पाच वाजता उंचीच्या दुप्पट लांब असते. म्हणून भिंतीपासून पाच-सहा मीटरवर असलेले जेमतेम सहा मीटर उंचीचे, म्हणजे वीस फुटांचे झाडही चार वाजल्यापासून ती भिंत झाकू लागते. सावलीसाठी अवाढव्य वृक्ष लागतो आणि तो घराला चिकटून लागतो, हे दोन्ही समज या साध्या भूमितीपुढे टिकत नाहीत. उन्हाळ्यात सूर्य मावळतोही नेमका पश्चिमेला नव्हे, तर वायव्येकडे सरकून. याउलट डिसेंबरात तो दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो आणि पुण्यात मध्यान्हीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो. सदाहरित, दाट पानांचे झाड पश्चिमेला व वायव्येला लावावे आणि दक्षिण बाजू लिंबू, डाळिंब यांसारख्या ठेंगण्या झाडांसाठी राखून ठेवावी, म्हणजे थंडीतले ऊन ओटीवर येत राहते, असा निष्कर्ष त्यावरून सरळ निघतो.

मात्र दिशा अचूक साधली तरी झाडाचे पंचांग पाहिले नसेल तर सावली मिळतेच असे नाही. सावलीचे झाड वैशाखात पानांनी भरलेले असले पाहिजे, ही अट इतकी उघड आहे की ती कोणी बोलूनही दाखवत नाही, आणि म्हणूनच ती वारंवार मोडली जाते. बहावा एप्रिल-मे महिन्यांत पिवळ्या घोसांनी लगडतो तेव्हा त्याच्या अंगावर पान जवळजवळ नसते. गुलमोहर एप्रिलमध्ये शेंगा लोंबवत निष्पर्ण उभा असतो आणि त्याची पालवी फुलांबरोबर मेमध्ये, म्हणजे निम्मा उन्हाळा सरल्यावर येते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांचीही तऱ्हा तीच. ही सर्व झाडे डोळ्यांसाठी लावावीत, रस्त्याच्या बाजूला, मोकळ्या जागेत लावावीत. सावलीच्या हिशेबात त्यांना धरू नये. गुलमोहर तर मादागास्करहून आलेला, उथळ मुळांचा आणि ठिसूळ फांद्यांचा असल्यामुळे वळवाच्या वादळात सर्वांत आधी मोडणाऱ्या झाडांत त्याची गणना होते, आणि घराजवळ त्याला जागा देऊच नये.

याच्या अगदी उलट वागणाऱ्या झाडांत पहिले नाव घ्यावे लागते ते करंजाचे. करंज फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पाने टाकतो आणि एप्रिल लागेपर्यंत चकचकीत पोपटी पालवीने असा भरून जातो, की त्याच्या खालच्या जमिनीवर उन्हाचा कवडसाही क्वचितच दिसतो. त्याच वेळी त्याला फिकट जांभळट फुले येतात व मधमाश्यांची गर्दी होते. पाणी घालण्याची गरज पहिल्या दोन उन्हाळ्यांनंतर फारशी राहत नाही, जनावरे त्याचा पाला सहसा खात नाहीत, आणि नदीकाठच्या ओलीपासून माळरानाच्या मुरमापर्यंत तो सर्वत्र जगतो. इतके सर्व असूनही रोपवाटिकेत करंज मागणारा माणूस विरळा, कारण त्याला खाण्याजोगे फळ नाही आणि मिरवण्याजोगे फूल नाही. कडुनिंबाचीही पालवी चैत्रात येते, हे गुढीपाडव्याला त्याची कोवळी पाने खाणाऱ्या समाजाला सांगण्याची गरज नसावी. परंतु त्याचा पसारा मोठा असल्याने दोन गुंठ्यांच्या प्लॉटपेक्षा तो शेतघराच्या अंगणात शोभतो. लहान आवारासाठी बकुळीला तोड नाही: ती सदाहरित आहे, तिचा घेर आपोआप गोल राहतो, पाने गर्द व जाड असतात, तिचा एकच दोष म्हणजे ती सावकाश वाढते, आणि दहा वर्षे थांबण्याची ज्यांची तयारी नाही त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

फळझाडांपैकी आंबा, फणस आणि चिकू हे सदाहरित असल्यामुळे फळ आणि सावली ही दोन्ही कामे करू शकतात, आणि गुंठाभर मोकळी जागा असेल तर पश्चिमेला एकच आंबा लावून बाकी मोह आवरणे हा उत्तम निर्णय ठरतो. प्रश्न फक्त कोणता आंबा हा उरतो. हापूस हे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आले आणि गोव्यात रुजलेल्या कलमांच्या तंत्रामुळे तो कोकणपट्टीत पसरला. त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या नावाने, आणि या मानांकनात जो अर्थ दडलेला आहे तो देशावरचे हौशी लोक ध्यानात घेत नाहीत. घाटावरच्या काळ्या किंवा मध्यम जमिनीत हापूस वाढतो, परंतु कोकणातले फळ देत नाही. तेथे केशर अधिक भरवशाचा ठरतो. शिवाय हापूस एक वर्षाआड भरघोस फळतो आणि त्याच्या मोहोराला स्वतःच्याच परागाने फळधारणा फार कमी होते. आसपास रायवळ, केशर किंवा पायरीची झाडे असली तर मधमाश्या व माश्या ही उणीव भरून काढतात; नव्या वसाहतीत एकाकी उभा असलेला हापूस मात्र मोहोराने पांढरा होऊनही हिरमोड करतो. कोकणात एकच झाड लावायचे असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये दिलेली 'रत्ना' ही जात विचारात घ्यावी, कारण ती बऱ्यापैकी नियमित फळते.

फणसाच्या बाबतीत एक सोय अशी, की त्याची फळे मुख्यत्वे खोडावर व जाड फांद्यांवर लागतात, त्यामुळे शेंडा मारून झाड आटोक्यात ठेवले तरी फळाला धक्का लागत नाही. कोकमाची गोष्ट याहून वेगळी आहे. कोकमात नर आणि मादी झाडे स्वतंत्र असतात, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ती नर आहेत हे समजते ते सात-आठ वर्षांनी फूल आल्यावर. इतकी वर्षे पाणी घातलेले झाड आमसुले देणारच नाही हे कळण्याची वेळ कोकणातल्या अनेक घरांवर आलेली आहे. मादी झाडाच्या काडीपासून बांधलेले कलम, उदाहरणार्थ दापोलीचेच 'कोकण अमृता', घेतल्यास हा प्रश्न उद्भवत नाही. आवळ्याला फुले भरपूर येतात, पण दोन वेगळ्या जातींची झाडे जवळ असल्याशिवाय तो नीट फळत नाही. लहान आवारात दोन आवळे लावण्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलून कुंपणाच्या दोन बाजूंना एकेक लावणे अधिक व्यवहार्य.

देशावरच्या लहान प्लॉटला साजेशी झाडे शोधायची तर पुण्याच्या गणेशखिंड बागेकडे वळावे लागते. १८७३ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेल्या या बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये निवडलेला 'लखनौ-४९', म्हणजेच 'सरदार' पेरू, आणि १९३६ मध्ये आळंदी जातीच्या रोपांतून निवडलेले 'गणेश' डाळिंब या दोन जातींनी महाराष्ट्राच्या परसबागांचे व शेतांचे रूप पालटले. सरदार पेरूचे झाड बुटके आणि पसरट असते, छाटणी मुकाट्याने सोसते, आणि फळ हाताने तोडता येते. पावसाळी बहरात फळमाशीचा उपद्रव होतो, म्हणून आंबे बहराची फळे सोडून हिवाळ्यातल्या फळांवर भर द्यावा. सीताफळ तर हलक्या, मुरमाड, कुणी विचारत नाही अशा जमिनीतच गोड होते, हे सासवड-पुरंदरच्या डोंगरउतारांनी आणि बीडच्या बालाघाटाने सिद्ध केलेले आहे. नावात सीता असली तरी हे झाड अमेरिका खंडातून आलेले आहे, तसेच पेरू, पपई, चिकू आणि काजूही. त्यामुळे परसात फक्त देशी झाडेच लावण्याचा निर्धार करणाऱ्यांनी तो फळांच्या टोपलीपर्यंत ताणू नये हेच बरे.

जमीन पाहायची ती खणून. ज्या काळ्या मातीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते, तेथे मोठे झाड पायाजवळ लावले की त्याची मुळे एका बाजूची ओल शोषून घेतात, ती बाजू अधिक आक्रसते आणि भिंत कर्णरेषेत तडकते. मुळे पाया फोडतात असे जे म्हटले जाते त्यातल्या बहुतेक उदाहरणांत खरा व्यवहार हा ओलीचा असतो. अशा जमिनीत झाड पूर्ण वाढल्यावर जितके उंच होणार तितके अंतर घरापासून ठेवावे, असा स्थापत्यातला ढोबळ दंडक आहे. हे अंतर मिळत नसेल तर आंबा-करंजाचा नाद सोडावा आणि पश्चिमेचा भार डाळिंबासारख्या ठेंगण्या झाडांवर व मांडवावर चढवलेल्या वेलावर टाकावा. वड, पिंपळ आणि उंबर मात्र खरोखरच भिंतीच्या फटीत शिरतात व ती उकलतात. काळ्या मातीत खणलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो आणि संत्रे, मोसंबी, लिंबू यांच्या बुंध्याला डिंक्या नावाचा रोग लागतो, ज्यात साल फुटून डिंक वाहतो व झाड हळूहळू वाळते. म्हणून तेथे रोप उंचवट्यावर लावतात आणि खोडाला पाणी लागू नये यासाठी दुहेरी आळे करतात, म्हणजे आतल्या वर्तुळात खोड कोरडे राहते व पाणी बाहेरच्या वर्तुळात सोडले जाते. मातीत चुनखडीचे पांढरे खडे दिसत असतील तर लिंबूवर्गीय झाडांचा हट्ट सोडलेला बरा, कारण चुन्यामुळे लोह मिळेनासे होऊन पाने शिरांमध्ये पिवळी पडत जातात.

रोप निवडताना नजर पानांवर खिळते. ती बुंध्याकडे वळली पाहिजे. कलमाला दोन शरीरे असतात: खालचा खुंट, म्हणजे ज्याची मुळे जमिनीत राहणार तो भाग, आणि वरची कलमकाडी, म्हणजे ज्याची फळे खायची त्या जातीची फांदी. चिकूचे चांगले कलम खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या खुंटावर बांधलेले असते. आंब्याचे कोयकलम रायवळाच्या नुकत्याच रुजलेल्या कोयीवर बांधतात. जोड एकजीव झालेला असावा, तो लावताना मातीच्या वर राहावा, आणि त्याच्या खालून फुटणारा प्रत्येक धुमारा खुडावा, नाहीतर काही वर्षांत कलमकाडी मरून जाते आणि मालक रायवळाच्या झाडाला केशर समजून खत घालत राहतो. पिशवीत दोन-तीन वर्षे अडकून मुळांचे वेटोळे झालेले उंच रोप दिसायला भारदस्त असते, पण वर्षभराचे लहान रोप त्याला लवकरच मागे टाकते. पाण्याची ओढ असलेल्या भागात याहून चांगला मार्ग म्हणजे रायवळाची कोय कायमच्या जागी रुजवणे आणि वर्षभराने तिच्यावर जागेवरच कलम बांधणे, कारण त्यामुळे सोटमूळ, म्हणजे खोल जाणारे मुख्य मूळ, न दुखावता सरळ खाली उतरते.

वाऱ्याचा विचार कोकणाला आता टाळता येणार नाही. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, नारळ पडले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे आंबे-फणस घरांवर कोसळले. वादळापुढे कोणतेच झाड निर्धास्त नसते, परंतु एका बाजूने छाटलेले, रस्त्यासाठी मुळे तोडलेले आणि बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा फरसबंदीने आवळलेले झाड साध्या वळवानेही पडू शकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे किमान एक मीटर काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, आणि घरच्या आवारात तरी त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. वारा नसतानाही झावळ्या आणि फळे टाकणारा नारळ मात्र वाट, पाण्याची टाकी आणि गाडी उभी करण्याची जागा यांच्यापासून दूर असावा.

एकदा वाढलेले झाड मालकाचे एकट्याचे राहत नाही हेही लावण्यापूर्वीच माहीत असावे. शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार स्वतःच्या आवारातले झाड तोडण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वा अधिक वर्षे वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते. आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतही आहेत. चुकीच्या जागी लावलेला फणस पुढे काढता येईल, या भरवशावर तो लावण्यात अर्थ नाही.

पावसाळा सरला की रोपवाटिकांत सवलतीची रोपे दिसू लागतात, पण ती घेण्याची घाई करू नये. येत्या वैशाखात एखाद्या कोरड्या दिवशी तीन, चार आणि पाच वाजता घराच्या पश्चिमेची भिंत पाहावी, ऊन जेथपर्यंत चढलेले असेल तेथे खडूने रेघ मारावी, भिंतीपासून अंतर मोजून जमिनीत खुंटी ठोकावी, आणि त्या खुंटीशी एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा खणून तो पहिल्या पावसापर्यंत उन्हात तापू द्यावा. रोपवाटिकेत जायचे ते त्यानंतर.